लस, ताप आणि बुडालेला रोज : सोलापुरात आपल्या गल्लीत तेव्हा काय घडलं?

पाटी_पेन्सिल

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, प्राथमिक शाळेत शिकवते. धागा काढायचं कारण परवा घडलं.

शेजारची सून बाळंतपण करून माहेराहून आली. बाळ चार महिन्यांचं. जन्मल्यावर दवाखान्यात बीसीजी आणि पोलिओचे थेंब झालेत. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या लशी मात्र एकही नाही. कार्ड बघितलं, पुढचे सगळे रकाने कोरे. मी विचारलं तर सासू म्हणाली, "बाई, करोनाची सुई घेऊन किती माणसं गेली बघितलं की आपण. आता लेकराला नको."

याच सासूबाईंनी आपल्या तिन्ही मुलांना पोलिओचा एकही रविवार चुकवला नव्हता. बोटाला शाई लावून घ्यायला पोरं बूथवर पळायची. मग मधल्या काळात काय बिघडलं? मला वाटतं, २०२० आणि २०२१ मध्ये आमच्या गल्लीत जे झालं ते कुणी नीट मांडलंच नाही. "लोक अडाणी आहेत, अफवांवर विश्वास ठेवतात" एवढं बोलून सगळे मोकळे झाले. मी तेव्हा लसीकरण केंद्रावर नोंदणीच्या ड्युटीला होते. मला दिसलं ते वेगळं होतं.

१ मार्च २०२१ ला साठीच्या पुढच्यांचं सुरू झालं, १ एप्रिलला पंचेचाळीसच्या पुढच्या सगळ्यांचं. पहिले काही दिवस केंद्रावर पेन्शनर, बँकेतले, दुकानदार यांची रांग. केंद्र आमच्याच शाळेत, आणि आमच्या गल्लीतलं मात्र कुणी नाही. आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळते. म्हणून शाळा सुटल्यासारखी मी संध्याकाळी घरोघर जायला लागले.

एका अक्कांचं सांगते. पंचावन्नच्या पुढचं वय, साखरेच्या गोळ्या चालू. मी दारात बसले तरी त्यांचे हात थांबले नाहीत. मांडीवर सूप, ओल्या फडक्यात पानं, फर्मा ठेवून कात्रीने पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, अंगठ्याने वळायचं, दोरा, आणि नखाने टोक आत मुडपायचं. माझ्याशी बोलताना बघतही नव्हत्या हाताकडे. मी आजाराबद्दल सांगत होते, आकडे सांगत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताप येतो का नाही, तेवढं सांगा."

म्हटलं, येतो, एखाद-दोन दिवस.

"मग त्या दोन दिवसाच्या विड्या कोण वळणार? पान आणलेलं आहे, वाळून जाईल. पोरीच्या फीचा हप्ता आहे."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आदल्या वर्षी टाळेबंदीत विड्यांचे कारखाने कित्येक आठवडे बंद होते. त्या घरांनी काय खाल्लं हे मी शेजारी राहून बघितलंय. त्या घरात ताप म्हणजे बुडालेला रोज. हे आमच्या कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.

तिसऱ्या खेपेला आशाताईंना, म्हणजे आमच्या वस्तीच्या आरोग्य कार्यकर्तीला, बरोबर नेलं. त्या तेलुगूत, अक्कांच्या घरच्या भाषेत, बोलल्या. त्यांनी एकच केलं, कारखान्याच्या सुट्टीच्या आदल्या दिवशीची वेळ ठरवली, म्हणजे ताप आला तर सुट्टीत येईल. अक्का आल्या. रात्री ताप भरला, हात वर होईना. सकाळी सातला मी गेले, तापाची गोळी घेतली होती का बघितलं, चहा केला. दुपारी त्या उठून बसल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या ओळीतल्या अकरा बायका एकदम शाळेत आल्या. अक्का पुढे, जणू वऱ्हाड घेऊन आल्यात.

माझं म्हणणं एवढंच आहे. आमच्या भागात लस अडली ती दुसऱ्या दिवशी विचारायला कोण येणार या एका प्रश्नावर. तुमच्याकडे काय झालं ते सांगा. आणि शेजारच्या सासूबाईंशी मी आता कसं बोलू, तेही सांगा.

---

लूम_अक्कलकोट_रोड

बाई, अगदी बरोबर लिहिलंत. माझे आठ लूम आहेत एमआयडीसीत, टॉवेलचं काम. कामगारांत दोन गोष्टी पसरल्या होत्या. एक, पुरुषाची ताकद जाते. दोन, लस घेतली की महिनाभर दारू चालत नाही. पहिल्या गोष्टीपेक्षा दुसरीने जास्त माणसं अडली, हे मी मनापासून सांगतो.

मी आधी दम दिला, सर्टिफिकेट नसेल तर कामावर येऊ नका. चार जण खरंच आले नाहीत, दुसरीकडे कामाला लागले. माझी चूक होती ती. नंतर जाहीर केलं, लस घेतलेल्याला दुसऱ्या दिवशीची सुट्टी, पगार चालू. आठवड्यात सगळे घेऊन आले. पैसे किती गेले म्हणाल तर कापडाच्या एका ताग्याच्या नुकसानीएवढेही नाही.

---

पुण्यातला_सोलापूरकर

माझे आईवडील सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात, मी पुण्यात. मांजरी गावावरून रोज ऑफिसला जायचो. जिथे कोविशील्ड तयार होते त्या कारखान्याच्या बाजूने मी जातोय आणि अडीचशे किलोमीटरवरचे माझे वडील तीच लस घेत नाहीत, याचा मला फार त्रास व्हायचा. फोनवर भांडणं झाली. मी व्हिडिओ पाठवायचो, ते व्हॉट्सअॅपवरचे त्यांचे पाठवायचे. नाशिकच्या एका आजोबांच्या अंगाला चमचे चिकटतात ती बातमी तर त्यांनी मला तीनदा पाठवली.

शेवटी कळलं की खरी अडचण पाण्याची होती! दोनदा स्लॉट मिळाला तो नेमका पाणी यायच्या दिवशी. तीन-चार दिवसांआड पाणी, कधी येईल ते सांगता येत नाही. आई गुडघ्याने अधू, मोटर लावून टाकी भरायचं काम वडिलांचं. "लस उद्या मिळेल, पाणी चार दिवसांनी" हे ते मला सांगायला लाजत होते. मला वाटत होतं ते घाबरतायत.

---

पाटी_पेन्सिल

पाण्याचं आमच्याकडेही असंच. पाणी यायच्या दिवशी शिबिर ठेवलं की रिकामं जायचं. आम्ही नंतर गल्लीच्या पाण्याचं वेळापत्रक बघूनच दिवस मागायचो. सोलापूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही.

---

मालदांडी

मी मंगळवेढा तालुक्यातला, शेती करतो, वय सत्तरच्या पुढे. एक जुनी गोष्ट सांगतो, तुम्हा तरुणांना ठाऊक नसेल.

आमच्या लहानपणी देवी काढायला, म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचायला, माणूस यायचा. त्याला आम्ही देवीडॉक्टरच म्हणायचो. तो वेशीत दिसला की आयाबाया पोरं लपवायच्या. मला आजीने धान्याच्या बळदात उतरवलं होतं. वर ज्वारी, खाली अंधार, नाकात धूळ. शिंकलो आणि सापडलो. दंडावर औषध लावून लोखंडी काडी गोल फिरवली. आठ दिवस फोड, ताप, नंतर खपली. तो डाग अजून आहे. माझ्या बायकोच्या हातावरही आहे. माझ्या मुलांच्या हातावर नाही, कारण त्यांना गरजच उरली नाही. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी सापडला नाही, १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचं जाहीर झालं.

आजी लपवायची म्हणून तिला अडाणी म्हणू नका. तिची दोन लेकरं देवीने गेली होती. ती म्हणायची, देवी आईचा कोप आहे, सुई टोचून तिला चिडवू नका. पण त्याच गावात ज्या घरात देवीडॉक्टर जेवायला बसायचा, त्या घरची पोरं कधी लपली नाहीत. हे मला आता तुमचं लिहिलेलं वाचून आठवलं.

करोनाच्या वेळी मी गावात पहिल्या दिवशी जाऊन सुई घेतली आणि शर्टाची बाही वर करून पारावर बसलो. दोन्ही खुणा दाखवायच्या होत्या. नवी खूण काही दिसेना, पण जुनी बघायला पोरं जमली.

---

मधला_भाऊ

सगळ्यांनी चांगलं चांगलं लिहिलंय म्हणून मी दुसरी बाजू लिहितो. राग मानू नका.

माझा मोठा भाऊ लस घेतल्यावर सोळाव्या दिवशी गेला. वय ४१. छातीत दुखतंय म्हणाला, रिक्षात घालून नेलं, दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. लसीने झालं का नाही मला माहीत नाही. पण आम्ही केंद्रावर जाऊन सांगितलं तेव्हा तिथल्या माणसाने मान वर करूनही बघितलं नाही. "त्याचा याच्याशी संबंध नाही" म्हणाला. एक कागद भरला नाही, घरी कुणी आलं नाही. नंतर २०२४ मध्ये बातमी आली की इंग्लंडच्या कोर्टात लशीच्या कंपनीने रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात हे कबूल केलं. आमची आई त्या दिवशी जेवली नाही.

आमच्या घरात त्यानंतर कुणी दुसरा डोस घेतला नाही. मी कुणाला घेऊ नका असं सांगत फिरलो नाही. पण लोकांनी विचारलं तर खोटंही बोललो नाही.

---

वॉर्ड_नंबर_नऊ

मधला भाऊ, मी वीस वर्षं परिचारिका आहे. लसीकरणातही होते. तुमच्या भावाचं ऐकून फार वाईट वाटलं.

पहिली गोष्ट, तुमचा राग बरोबर आहे. लस घेतल्यानंतर काही गंभीर घडलं, मग ते लसीने असो वा नसो, त्याची नोंद करायची आणि चौकशी करायची ही पद्धत करोनाच्या आधीपासून आहे. तो फॉर्म भरायलाच हवा होता. "संबंध नाही" हे केंद्रावर बसून कुणी ठरवायचं नसतं.

दुसरी गोष्ट, मला जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते. गुठळ्यांचा तो त्रास खरा आहे. त्यात रक्तातल्या प्लेटलेट कमी होतात आणि मेंदूत किंवा पोटात गुठळ्या होतात. अत्यंत विरळा आहे, आणि तो २०२४ मध्ये पहिल्यांदा कळला असं नाही. मे २०२१ मध्येच आपल्याकडे सूचना आली होती की लशीनंतर वीस दिवसांत जोराची डोकेदुखी, धाप, छातीत किंवा पोटात दुखणं, पायाला सूज असं झालं तर लगेच दाखवा. आम्ही ती सूचना भिंतीवर लावली. वाचून दाखवायला माणूस नव्हता. त्याची मला अजून टोचणी आहे.

हृदयविकाराचं म्हणाल तर आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अचानक गेलेल्या १८ ते ४५ वयाच्या ७२९ जणांची तुलना त्याच वयाच्या २,९१६ जणांशी केली होती. लशीमुळे धोका वाढल्याचं त्यात दिसलं नाही, उलट दोन डोस घेतलेल्यांत तो कमी दिसला. धोका वाढलेला दिसला तो आधी करोनाने दवाखान्यात राहिलेल्यांत, घरात असं आधी घडलेल्यांत, आणि मृत्यूच्या दोन दिवस आधी खूप दारू घेतलेल्या किंवा अति कष्टाचं काम केलेल्यांत. हा हजारोंचा हिशोब झाला. तुमच्या एका भावाचं काय झालं ते त्यातून निघत नाही, आणि मी इथे बसून ते सांगणार नाही.

---

मधला_भाऊ

ताई, चार वर्षांत एवढं कुणी बोललं नव्हतं. आईला वाचून दाखवतो.

---

नई_जिंदगी

आमच्याकडे भीती लशीच्या आधीची होती. एप्रिल २०२० मध्ये पाच्छा पेठेत शहरातला पहिला रुग्ण सापडला तो गेल्यावरच. त्यानंतर ज्यांना ज्यांना अॅम्ब्युलन्समध्ये नेलं त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. मय्यतीला चार माणसं. गल्लीला पत्रे ठोकलेले. त्या उन्हाळ्यात आपल्या शहराचं मृत्यूचं प्रमाण राज्यभर चर्चेत होतं, केंद्राचं पथक येऊन गेलं. लोकांच्या डोक्यात बसलं की सरकारी माणूस दारात आला म्हणजे घरातलं कुणीतरी जाणार. वर्षाने तेच जॅकेट घालून माणसं लस घ्या म्हणून आली. दार कोण उघडणार?

मशिदीत जुम्म्याला इमामसाहेबांनी सांगितलं, आणि सगळ्यांसमोर स्वतः घेतली. त्यानंतर आमच्या अम्मीने घेतली. पण अम्मी म्हणते, इमामसाहेबांच्या आधी तिला पटलं होतं ते मोहल्ल्यातल्या डॉक्टरमुळे. तीस वर्षं पन्नास-शंभर रुपयांत औषध देणारा माणूस. टाळेबंदीत मोठमोठे दवाखाने बंद होते, त्यांचा दवाखाना एक दिवस बंद नव्हता.

---

चंद्रभागा_काठ

पंढरपूरहून. आमच्याकडे वेगळाच पेच. २०२० आणि २१, दोन्ही आषाढीला पालख्या एसटीने आल्या. मंदिर बंद, हार-फुलं, चुरमुरे, कुंकू विकणारे सगळे घरी. आमचं लाह्या-चुरमुऱ्याचं दुकान आहे. आमच्या गल्लीत लस घ्यायला कुणी कुरकुर केली नाही, कारण वारी परत सुरू व्हायची तर ती लशीवरच अवलंबून, हे प्रत्येकाला समजत होतं. आम्ही मागत होतो आणि लस मिळत नव्हती. पहाटे चारला दवाखान्याच्या पायरीवर चपला रांगेत ठेवून यायचो. मे महिन्यात अठरा वर्षांपुढच्यांचं सुरू झालं तेव्हा मोबाईलवर स्लॉट उघडायचा आणि दोन मिनिटांत संपायचा. मग मोठ्या शहरातली मंडळी गाड्या घेऊन आमच्या तालुक्यातल्या केंद्रावर हजर. गावातली माणसं बाजूला उभी राहून बघायची. तेव्हा मनात जी अढी बसली ती पुढे लस भरपूर आली तरी गेली नाही. "तेव्हा आम्ही नको होतो, आता घरी येऊन टोचताय?" असं म्हणणारी माणसं आहेत.

---

वॉर्ड_नंबर_नऊ

हे मी आतून बघितलंय म्हणून थोडं सांगते. कोविशील्डच्या एका कुपीत दहा डोस. कुपी फोडली की चार तासांत संपवायची, नाहीतर फेकायची. त्यामुळे दुपारी साडेतीनला केंद्रावर तिघंच असतील तर कुपी फोडायला मन धजायचं नाही. "उद्या या" म्हणायचो. तो माणूस आठ किलोमीटर चालत आलेला, रोज बुडवून. तो उद्या यायचा नाही. काही वेळा आम्ही ड्रायव्हरला रस्त्यावर पाठवून माणसं गोळा केली, दहा भरवले. वाया गेलेल्या डोसचा हिशोब वरून मागितला जायचा, परत गेलेल्या माणसाचा कुणी मागितला नाही.

आणि दुसऱ्या डोसचं अंतर! आधी चार ते सहा आठवडे, मार्चमध्ये सहा ते आठ केलं, मे महिन्यात बारा ते सोळा. शास्त्राच्या दृष्टीने कारण होतं, अंतर वाढल्यावर परिणाम चांगला दिसत होता. पण ज्याच्या कागदावर आम्हीच पेनने तारीख लिहून दिली होती, तो त्या तारखेला आला आणि आम्ही त्याला परत पाठवलं. "यांनाच माहीत नाही" असं लोक बोलले, ते त्यांच्या जागी चूक नव्हते.

---

पाटी_पेन्सिल

आमच्या अक्कांचा दुसरा डोस यातच अडकला होता. घरात मोबाईल एकच, मुलाचा, आणि पहिल्या वेळी नोंदणी त्याच नंबरावर. तो कामाला भिवंडीला गेला. ८४ दिवसांनी मेसेज भिवंडीत, अक्का सोलापुरात. तो मेसेज बघणार कधी, सांगणार कधी. ऑक्टोबरमध्ये राज्याच्या कवच कुंडल लसीकरण मोहिमेत मी वही घेऊन बसले तेव्हा दिसलं की आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांचे नंबर असेच बाहेरगावी गेलेले. सरकारी यादीत त्या "दुसरा डोस टाळणाऱ्या". त्यांनी काहीच टाळलं नव्हतं हो. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

---

लूम_अक्कलकोट_रोड

बाई, एक सुचतं. शेजारच्या सासूबाईंना तुम्ही समजावू नका. त्या अक्कांना घेऊन जा.

---

वॉर्ड_नंबर_नऊ

मलाही हेच म्हणायचं होतं. आणि बाळाच्या लशीचं नीट सांगते, बाई, कारण उशीर झाला म्हणून सगळं गेलं असं त्यांना वाटत असेल.

दीड महिन्याच्या ज्या राहिल्या त्या आताही सुरू करता येतात. पेंटाव्हॅलंट वर्षाच्या आत सुरू करता येते, मग किमान चार-चार आठवड्यांनी पुढचे दोन डोस. त्यात घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ ब आणि हिब (या जंतूने होणारा मेंदूज्वर, न्यूमोनिया) अशी पाच आजारांची लस एकत्र असते. बाळाला ताप येण्याची शक्यता चांगलीच आहे, ते आधीच सांगा, लपवू नका. मांडीला सुई दिल्यावर तिथे गाठ येईल, चोळू नका, शेकू नका, हळूहळू विरते. तापाचं औषध किती द्यायचं ते बाळाच्या वजनावर असतं, सिस्टरकडून लिहूनच घ्या. अंगावरचं दूध चालू ठेवा. ताप दोन दिवसांपुढे गेला, बाळ दूध ओढेना, सुस्त पडलं किंवा तीन तास सलग रडत राहिलं तर थांबू नका, घेऊन जा. नववा महिना पूर्ण झाला की गोवर-रुबेलाची वेळ येते, ती चुकवू नका. २०२२ मध्ये मुंबईत गोवराने लेकरं गेली, त्यातली बरीच लस राहिलेली होती.

---

मालदांडी

आणि लेकराच्या आजीला विचारा तिच्या दंडावर देवीचा डाग आहे का. असेल तर तो कुणी काढला, तेव्हा काय झालं, ते तिच्याच तोंडून ऐका. आधी ऐका.

---

मधला_भाऊ

माझ्या धाकट्या बहिणीचं बाळ सात महिन्यांचं आहे. त्याच्याही लशी आम्ही थांबवल्या होत्या, आईच्या शब्दाखातर. कालचं सगळं आईला वाचून दाखवलं. काही बोलली नाही. आज सकाळी बहिणीला फोन करून कार्ड कुठे ठेवलंय विचारत होती. अजून होकार दिलेला नाही. ताई, दीड महिन्यापासून राहिलेलं सात महिन्यांना चालेल ना?

---

वॉर्ड_नंबर_नऊ

चालेल. पेंटाव्हॅलंट लगेच सुरू करता येईल. थेंब वगैरे काय द्यायचं ते वय बघून ठरतं, ते सिस्टर सांगतील. जुनं कार्ड नेलंच पाहिजे. आणि सिस्टरना भावाचं आधी सांगा, म्हणजे त्या घाई न करता बोलतील. हवं तर मला इथे निरोप टाका.

---

पाटी_पेन्सिल

सगळ्यांचे मनापासून आभार. कळवायचं राहिलं होतं ते कळवते.

काल अक्कांना घेऊन शेजारी गेले. मी फक्त बसले. अक्का तेलुगूत बोलल्या, सासूबाई तेलुगूत. मला निम्मं कळलं. मालदांडी काकांनी सांगितलं तसं डागाचं विचारलं तर सासूबाईंनी पदर सरकवून दंड दाखवला. दोन डाग आहेत, एकाखाली एक, आणि त्यांच्या आईने त्या रात्री उशाशी बसून जागवल्याचं त्यांना अजून आठवतंय. मग सून पहिल्यांदा बोलली. तिला लशीची भीती नव्हती. ती म्हणाली, "रात्री ताप आला आणि सगळे मला बोलले तर मी एकटी काय करू?" नवरा रात्रपाळीला असतो.

मी म्हटलं, मी येते रात्री झोपायला.

सासूबाई हो-नाही काही म्हणाल्या नाहीत. बाळाला झोळीत टाकलं, दोरी ओढत राहिल्या. निघताना म्हणाल्या, मंगळवारी पाणी आहे, बुधवारी बघू. मी गुरुवारची रजा टाकलीय.